कमाल दाब

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला मास्तर फोनवर लेकीला म्हणाले, "रविवारी टॅक्सीबिक्सी काही नको. मी येतो स्टेशनवर गाडी घेऊन," आणि माझ्या ओठांत धरलेल्या चार टाचण्यांपैकी एक जिभेला टोचली. मी एका जाडजूड वकिलाच्या काळ्या कोटाची शिवण उसवत बसले होते. रक्त आलं नाही, नुसती लोखंडाची चव आली आणि ती जेवणापर्यंत गेली नाही. मास्तर म्हणजे आमचे हे. बसडेपोत एकतीस वर्षं ब्रेकच्या खात्यात होते, शेवटची बारा वर्षं खात्याचे प्रमुख. तिथे सगळे त्यांना ब्रेकमास्तर म्हणायचे आणि मीही मनातल्या मनात तेच म्हणत आले. तोंडावर अर्थात 'अहो'. तर मास्तर पुढे लेकीला सांगत होते की पाय आता चाळीसपर्यंत जातो, पक्का चाळीस, खोटं वाटत असेल तर आईला विचार. आणि डाव्या हातानं त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मी तोंडातल्या टाचण्या काढल्या, एकेक करून टाचण्यांच्या गादीत खोचल्या, तेवढाच वेळ काढला, आणि म्हणाले, "हो ना. चाळीस." तिकडे लेकीनं ते ऐकलं. ती रडत होती, आनंदानं, आणि मागून नात विचारत होती की आजोबा खरंच गाडी आणणार का.

चाळीस म्हणजे चाळीस किलो. मास्तरांच्या हिशेबानं, समोर कुणी अचानक आलं तर गाडी जागच्या जागी थांबवायला पायाचा जोर चाळीस किलो तरी पाहिजे. दोन वर्षांपूर्वी मेंदूत गुठळी होऊन त्यांची उजवी बाजू गेली. हात थोडा परत आला, बोलणं बरंचसं आलं, पाय मात्र आला तोही परक्यासारखा. तो जागेवर होता, हलत होता, पण त्याला काही कळत नव्हतं. चप्पल निसटली तरी मास्तरांना मागे वळून बघितल्यावरच समजायचं. तेव्हा जावयानं तो खेळ पाठवला. गाड्यांच्या शर्यतीचा, पण पोरखेळ नव्हे, अगदी खऱ्यासारखा, म्हणजे स्टिअरिंगचं चाक, खाली तीन पेडल, आणि टीव्हीच्या पडद्यावर लांबच लांब काळा रस्ता. सुतारानं एक फळी ठोकून दिली, तिच्यावर ते सगळं बसवलं. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, चांगलं आहे, रबर ओढण्यापेक्षा यात मन रमेल. त्या ब्रेकची गंमत अशी की तो फारसा खाली जातच नाही. दगडावर पाय ठेवावा तसा घट्ट. पेडल किती खाली गेलं ते तो बघत नाही, किती जोरानं दाबलं ते बघतो, आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल पट्टी वर चढते. किती किलोला ही पट्टी पूर्ण भरावी, ते आतल्या सेटिंगमध्ये ठरवता येतं. त्याला तिथे 'कमाल दाब' म्हणतात.

पहिल्या दिवशी तो आकडा साठवर होता, कारखान्यातून आलेला. मास्तर खुर्चीत बसले, फार दिवसांनी केस नीट विंचरून. लांब सरळ रस्ता, मग उजवीकडे वळण, वळणाआधी अंतराच्या पाट्या, दीडशे, शंभर, पन्नास. त्यांनी शंभरच्या पाटीला ब्रेक दाबला. लाल पट्टी पाव भरली आणि तिथेच थरथरत राहिली. गाडी सरळ वाळूत आणि वाळूतून टायरच्या भिंतीवर. त्यांनी सात वेळा तेच केलं. आठव्या वेळी चाकावरचा हात काढून ते म्हणाले, "ह्याचाही ब्रेक गेला." त्यातला 'ही' ऐकून मी स्वयंपाकघरात निघून गेले.

कारण त्या दिवशीही ते हेच म्हणाले होते. 'ब्रेक लागत नाहीये.' दोन वर्षांपूर्वी, गुठळी झाली त्याच सकाळी साडेनऊ वाजता, छापखान्याच्या गल्लीत. आम्ही दोघंच होतो, मला दोऱ्याची रिळं घ्यायची होती. गाडी काही वेगात नव्हती, हेच मला अजून सोसत नाही. वेगात असती तर मला इतकं दिसलं नसतं. छापखान्याची भिंत निळी रंगवायचं काम चालू होतं, शिडीवर एक पेंटर, कंबरेला डबा अडकवलेला, आमच्याकडे पाठ. मास्तर शांतपणे, कुणी वेळ सांगावी तसे म्हणाले, "ब्रेक लागत नाहीये." मी खाली बघितलं. त्यांचा पाय पेडलवर नव्हताच. पेडलच्या बाजूला, रबरी चटईवर, बूट थोडा आडवा करून झोपल्यासारखा पडला होता. मी ओरडायला हवं होतं, हातब्रेक ओढायला हवा होता, तो तर माझ्या आणि त्यांच्या मध्येच होता. मी त्या बुटाकडे बघत राहिले. मग शिडीचा आवाज आला. लाकूड मोडल्याचा नव्हे, कुणी घाईनं खुर्ची मागे सरकवावी तसा. भिंतीवर निळ्या रंगाचा एक ओघळ वरपासून खालपर्यंत ओढला गेला होता, पडता पडता त्याच्या हातातला ब्रश भिंतीला टेकलेलाच राहिला असणार. पेंटर एकोणीस दिवस जगला. मास्तर त्याच इस्पितळात वरच्या मजल्यावर होते. मी एकदा जिना उतरून खालच्या वॉर्डाच्या दारापर्यंत गेले. एक बाई त्याचे केस विंचरत होती, हळूहळू, भांग पुन्हा पुन्हा पाडत. मी दारातूनच परत आले. तो गेल्याचं मास्तरांना कळलं तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचा विषय निघालेला नाही.

गाडी उचलून नेणारा गॅरेजवाला नंतर मला भेटला होता. ब्रेकमध्ये काही दोष नाही, म्हणाला, चारही चाकं उघडून बघितली. आणखीही काही बोलला. मी मान डोलावली आणि ते सगळं गिळून टाकलं. कागदोपत्री 'ब्रेक निकामी' असं लागलं होतं, मास्तरांच्या तोंडी तेच होतं, जीभ जड असतानाही ते एवढं एकच नीट बोलायचे, की ब्रेक लागला नाही. मग मी कशाला मध्ये पडू? मी कपडे मोठे-लहान करून देणारी बाई. पस्तीस वर्षं झाली. ज्या मावशीकडे मी हे शिकले ती पहिल्या दिवशीच म्हणाली होती, गिऱ्हाइकाच्या अंगाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, जे काय बोलायचं ते कपड्याबद्दल. पोट सुटलेल्या माणसाला सांगायचं, कापड आटलं हो, हल्ली कापडच असं येतं. आणि तो अर्धा इंच म्हणाला तर गुपचूप एक इंच सोडायचा. तो घरी जाऊन आरशात बघतो आणि खूश होतो, की आपण बारीक झालो. यात माझं काही बिघडलं नाही कधी. वकीलसाहेब दर वर्षी येतात, दर वर्षी मी कापडाला शिव्या घालते, दर वर्षी ते हसत जातात. तसंच हे, असं मला वाटलं. दोष ब्रेकचा. पायाबद्दल अवाक्षर नाही.

तर मी जावयाला फोन करून ती सेटिंग शिकून घेतली. दातेरी चाकाची खूण, मग पेडल, मग ब्रेक, मग कमाल दाब. साठाचे बारा केले. मास्तरांनी दाबलं आणि पट्टी भरली. गाडी वळणाआधी थांबली, इतकी अचानक की मागून येणारी दुसरी गाडी आदळली. मास्तर हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसले, तोंड एका बाजूला ओढलं जाऊन. मग ठरलं, की दर आठवड्याला दोन किलो वाढवायचे. पडद्यावरची बारीक अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत, उजवीकडची नजरही कापल्यासारखी झाली आहे, म्हणून आकडा मी बदलायचा, मी सांगायचा, आणि ते डाव्या हातानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवणार. बाकी सगळं मात्र त्यांच्या हुकमानं. ब्रेकचा जोर पुढच्या चाकांना किती आणि मागच्यांना किती, यावर त्यांनी माझ्याकडून तासन् तास आकडे हलवून घेतले. पुढे जास्त दिला तर गाडी वळत नाही, मागे जास्त दिला तर शेपूट फिरवते, हे ते मला असं समजावून द्यायचे जणू मी उद्यापासून डेपोत कामाला लागणार आहे. शेवटी त्यांनी पुढे चौपन्न, मागे शेहेचाळीस कायम केलं. बारा, चौदा, सोळा, अठरा. चार आठवडे सगळं खरं होतं. पाचव्या आठवड्याला वीस केले आणि पट्टी भरेना. गाडी वाळूत. त्या भिंतीमागे खेळात एक माणूस उभा असतो, निशाण दाखवणारा, अंगभर कामाचे कपडे घातलेला. गाडी त्याच्या अंगावर आली तरी तो हलत नाही, पापणीसुद्धा नाही. काढलेलं चित्रच ते, कळतं मला. पण त्या दिवशी त्याच्या मनगटावर निळं काहीतरी दिसलं. मी मास्तरांना म्हणाले, थांबा, काहीतरी अडकलंय, आणि आकडा परत अठरावर आणला. मास्तरांनी दाबलं, गाडी थांबली, तो माणूस लांब राहिला. "किती आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, वीस. खरं सांगायचं तर ते मी त्यांच्यासाठी केलं नाही. मला तो माणूस जवळ यायला नको होता.

पुढे ते आपोआप होत गेलं, फक्त आकडा मी आठवड्याऐवजी दीड-दोन महिन्यांनी वाढवायची. कॅलेंडरवर चोवीस, पडद्यावर अठरा. कॅलेंडरवर तीस, पडद्यावर सोळा, कारण थंडीत पाय आखडला. ज्यांच्या हाताखालून हजारो बसचे ब्रेक गेले त्यांना हे कळलं कसं नाही, असं कुणी विचारेल. पायालाच कळत नव्हतं तर त्यांना कुठून कळणार? त्यांच्यापुढे फक्त ती लाल पट्टी, आणि ती तर दर वेळी भरत होती. व्यायामाच्या बाई वर्षभरानंतर यायच्या थांबल्या, कॅलेंडर बघून शाबासकी देऊन गेल्या. दुपारी मास्तर झोपले की त्यांच्या डाव्या हाताची बोटं हलायची, अंगठा आणि दोन बोटं जुळवून फिरवल्यासारखी, फिरवायची, थांबायची, परत फिरवायची. मला वाटायचं, बाईंनी शिकवलेला व्यायाम झोपेतही चाललाय. मी चादर सारखी करून शिवणाकडे वळायची. दारात कुणी गिऱ्हाईक उजेडाकडे पाठ करून उभं राहिलं की क्षणभर त्याचा चेहरा दिसत नाही. त्या क्षणात मला शिडीवरची ती पाठ दिसते, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मग तो माणूस आत येतो, पँटचा पाय दाखवतो, आणि मी खडू घेते.

शुक्रवारी मास्तरांनी गाडी शेडमधून काढवली. दोन वर्षं ती ताडपत्रीखाली होती. ज्या माणसानं लग्न झाल्यापासून आपल्या वाहनाच्या ब्रेकला परक्या माणसाचा हात लागू दिला नाही, त्यानं या वेळी गॅरेजमधून मिस्त्री बोलावून चारही चाकांचं काम करून घेतलं, आणि मास्तर स्वतः जवळसुद्धा गेले नाहीत, खिडकीतून बघत राहिले. हाताची ताकद गेली, म्हणून असेल, असं मी मनाशी म्हटलं. मिस्त्री गेल्यावर मी काच पुसायला गेले. वायपरच्या रबराखाली निळा रंग होता, नखाएवढा. मी तो नखानंच खरवडला. निघाला, पण मग तो नखात राहिला, आणि मी संध्याकाळपर्यंत ती बोटं लपवत फिरले. रविवारी नात मागच्या सीटवर उभी राहणार, तिला बसायला सांगितलं तरी ती उभीच राहते, आजोबांच्या गळ्यात हात टाकून. स्टेशनसमोरच्या चौकात माणसं सिग्नल न बघता पळतात. चौदा किलो. आदल्या आठवड्यापासून पडद्यावर चौदा होते. मी विचार करून बघितला, की गाडीची किल्ली हरवता येईल, टायरची हवा सोडता येईल, मला चक्कर येऊ शकेल. रविवार असा टळला असता, पण सोमवार होताच. आणि या माणसाला मी सांगायचं काय? एवढंच की तुमचा पाय बरा झालेला नाही? का तेही, की तो त्या दिवशी पेडलवर नव्हता? एक टाका उसवला की पुढची सगळी शिवण हातात येणार हे मला इतर कुणापेक्षा जास्त कळत होतं.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर मास्तर खुर्चीत बसले. उद्याच्या आधी दहा फेऱ्या मारतो म्हणाले. "लाव चाळीस." मी दातेरी चाक उघडलं, पेडल, ब्रेक, आणि आकडा वाढवायला लागले. चौदा, पंधरा, सोळा. माझा अंगठा दुखायला लागला तरी मी चाळीसपर्यंत नेला आणि बाहेर आले. सरळ रस्ता. दीडशेची पाटी, शंभरची पाटी. मास्तरांनी दाबलं. लाल पट्टी तिसऱ्या हिश्शापर्यंत चढली आणि थांबली. वाळू, टायर, आणि पलीकडे तो न हलणारा माणूस. त्यांनी परत सुरुवात केली. परत तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी डाव्या हातानं स्वतःची उजवी मांडी खाली दाबली, मानेच्या शिरा वर आल्या, पट्टी केसभर चढली, आणि गाडी वाळूत गेली. इंजिनाचा आवाज चालूच राहिला.

"किती आहे?"

"चाळीस."

"काल किती होता?"

"चौदा," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघायला वळले नाहीत. कधीपासून, असंही त्यांनी विचारलं नाही. कॅलेंडरकडे मात्र एकदा बघितलं, तिथे त्यांच्या वाकड्या डाव्या अक्षरात आकड्यांची रांग होती. मग मला थांबता येईना. मी खाली जमिनीवर, पेडलांपाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. अठरावर पाय अडला तेव्हापासूनचं. त्या भिंतीमागच्या माणसाचंही सांगितलं. आणि मग छापखान्याची गल्ली. मी म्हणाले, "त्या दिवशी ब्रेक चांगले होते. पाय पेडलवर नव्हता. मी बघितलं होतं. गॅरेजवाल्यानंही चारही चाकं उघडून बघितली होती. मी तुम्हाला सांगितलं नाही." हे बोलताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते, त्या पायाकडे बघत होते. आता हा माणूस मोडणार, आणि मोडणारी मी, असं मला वाटत होतं. दोन वर्षं ज्या एका वाक्यापासून त्यांना जपलं ते मीच त्यांच्या अंगावर टाकलं होतं.

"चारही चाकं?" मास्तर म्हणाले.

"हो."

"पुढचं डावं?"

"चारही म्हणाला."

"नेमकं काय म्हणाला? त्याचे शब्द सांग."

मला ते शब्द आठवत होते, अगदी त्याच्या आवाजासकट. तेव्हा ते मला बिनकामाचे वाटले होते. मी म्हणाले, "तो म्हणाला, ब्रेकला काही झालेलं नाही. ज्यानं कुणी हे ब्रेक बसवलेत त्याच्या हाताखाली मी काम केलं असतं."

मास्तरांनी चाकावरचा हात काढला आणि तोंडावर ठेवला. खांदे हलायला लागले. मी घाबरून उठले, पण तो झटका नव्हता. ते रडत होते, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखे आवाज काढत, आणि त्या आवाजांतून शब्द निघत होते ते मला जुळवून घ्यावे लागले. "मीच उघडलं होतं ना ते. आदल्या रविवारी. पुढच्या डाव्या ब्रेकचा शेवटचा नट आवळला का नाही, तेच आठवत नव्हतं मला. तू चहा घेऊन आलीस आणि मी उठलो. परत येऊन आवळला का नाही?" आणि मग, थोडा श्वास आल्यावर, "पाय आजारी होता गं. आजारी पायाचं मी काय करणार होतो? पण नट सैल ठेवून माणूस मारला म्हणजे..."

तो रविवार मला दिसला. अंगणात चाकं काढून ठेवलेली, जुन्या गोणपाटावर हत्यारं मांडलेली, काळे हात. मी पायरीवरून कप पुढे केला होता आणि म्हणाले होते, निवतोय हं, आधी घ्या. ब्रेकवर ठपका ठेवला की तो कुणावर जातो, हे त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. यांच्या पायाला जपता जपता मी त्यांचा हात दोन वर्षं सुळावर चढवून ठेवला होता, आणि त्यातून सोडवायला फक्त एका गॅरेजवाल्याचं एक वाक्य पुरलं असतं, जे माझ्याकडे होतं. मला त्यांच्या जवळ जायची लाज वाटली.

बऱ्याच वेळानं त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. "लेकीला फोन लाव," म्हणाले, "टॅक्सी करून या म्हणावं." मी फोन लावला, काय बोलले ते आता आठवत नाही. परत आले तेव्हा मास्तर पडद्याकडे बघत होते, गाडी टायरमध्ये नाक खुपसून तशीच उभी. "आवळला होता," ते हलक्या आवाजात म्हणाले, मला नव्हे, कुणालाच नव्हे. "आवळला होता मी." मी त्यांच्या खुर्चीशेजारी उभी राहिले. या दोन वर्षांत रोज झोपेत किती वेळा ते चाक उघडून बघितलंत, हे विचारायचं मनात होतं. विचारायचा धीर झाला नाही.